पदरावरचा गुलाल

माझ्या भावाच्या घरी कुणी काही वाढवून सांगायला लागलं की पोरं म्हणतात, "हा आत्याचा पेढा." आत्या म्हणजे मी. पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, तरी ही चेष्टा सुटत नाही. आता सुनाही म्हणतात आणि त्यांना तर मूळ प्रकरण माहीतही नाही. मीही हसते. हसले नाही तर ‘आत्या लई तापट’ हे दुसरं बिरुद तयारच आहे.

मूळ प्रकरण बहात्तरच्या दुष्काळातलं. आम्ही तेव्हा अहमदपूरला राहायचो. मी आठ वर्षांची, भाऊ सहाचा. वडील बाजाराच्या आवारात मापाडी होते, आडतीवर आलेलं धान्य तोलून द्यायचे. धान्यच येईना तेव्हा तोलणार काय? आवार ओस पडलं. मग वडील आणि आई दोघंही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. आम्ही भावंडं घागरी घेऊन विहिरीवर बसायचो. विहिरीच्या तळाशी पाणी झिरपून वाटीभर साठलं की कुणीतरी आत उतरून ते भरायचं. घरी लाल ज्वारीच्या भाकरी. त्या घशाखाली उतरत नसत, पण उतरवाव्या लागत. हे सगळं भावालाही मान्य आहे. भांडण पुढचं आहे.

नांदेडला माझी मावशी होती, आईची थोरली बहीण. तिचे यजमान गिरणीत होते, गल्लीत नळ होता, आणि तिला मूल नव्हतं. त्या उन्हाळ्यात मावशी आली आणि जाताना मला घेऊन गेली. ‘पाऊस पडेपर्यंत’ असं ठरलं होतं. पुढं पाऊस पडला, चांगला पडला. मला न्यायला कुणी आलं नाही. दिवाळीला न्यायचं म्हणाले, मग उन्हाळ्यात म्हणाले, मग म्हणायचंही बंद झालं. मी नांदेडलाच शिकले, तिथंच मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायला लागले आणि तिथंच राहिले. मावशीनं मला काही कमी पडू दिलं नाही. तिच्याविषयी माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती घरात जी गोष्ट सांगतात तिच्याविषयी. ती गोष्ट अशी, की मला कुणी पाठवलंच नाही. मला म्हणे शाळेचं वेड होतं. अहमदपूरची शाळा दुष्काळात धड भरत नव्हती, म्हणून मीच मावशीच्या पायाला मिठी मारली, ‘मला नांदेडला ने’ म्हणून भोकाड पसरलं, आणि आईनं काळजावर दगड ठेवून मला जाऊ दिलं. भाऊ ही गोष्ट इतकी रंगवून सांगतो, की मी कोणत्या रंगाचा झगा घातला होता हेही त्यात येतं. सहा वर्षांच्या पोराला स्वतःचं नाक पुसायचं भान नव्हतं आणि म्हणे माझा झगा आठवतो! त्याला आठवत नाही. त्याला ऐकून ऐकून दिसायला लागलंय. वर्गात मी हे रोज पाहत आले. पाठांतर पक्कं झालं की मुली ते इतक्या विश्वासानं म्हणतात, की लढाईला जणू स्वतःच हजर होत्या.

मला एवढंच हवं होतं, की घरातल्या कुणीतरी, शक्यतो आईनं, एकदा म्हणावं, "आम्ही तुला पाठवलं." माफी नको होती. कारणही नको होतं, दुष्काळ मीही पाहिला होता. फक्त माझं जाणं माझ्याच माथी मारू नये. पण हा विषय काढला की आई पदरानं तोंड पुसत म्हणायची, "तुलाच लई याड होतं ग शाळंचं." आणि उठून चहा ठेवायची.

माझ्याकडे माझी आठवण होती. मी ती कुणाला सांगत नव्हते, कारण ती नुसती पुराव्यापुरती नव्हती. आमच्याकडे कुणी गावाला निघालं की त्याच्या तळहातावर चमचाभर दही ठेवतात. ते चाटायचं, हात धुवायचा नाही, तसंच निघायचं. आई म्हणायची, दही चाटून गेलेलं माणूस माघारी येतं. वडील उदगीरला बाजाराला निघाले तरी ती त्यांना दारात थांबवायची. दुष्काळात गावात दुभतं जनावर उरलं नव्हतं, त्यामुळे दही नव्हतं. पण अहमदपूरच्या स्टँडवर एस.टी.च्या दाराशी आईनं माझा हात धरला, उघडला आणि दह्याऐवजी त्यावर पेढा ठेवला. हे मला लख्ख आठवत होतं. पेढ्याची चव आठवत होती, आईच्या बोटांचा खरखरीतपणा आठवत होता. म्हणजे तिनं मला पाठवलं, पण परत येण्यासाठी पाठवलं. नांदेडला पहिल्या वर्षी रोज संध्याकाळी मी पायरीवर बसून ह्या पेढ्याच्या जोरावर वाट पाहिली. पुढं वाट पाहणं सुटलं, पेढा राहिला.

आईला पंच्याहत्तरावं लागलं तेव्हा भावानं लातूरला हॉल घेऊन मोठा कार्यक्रम केला. लातूर जिल्हा झाल्यावर पुढच्या काही वर्षांत नवी कार्यालयं उघडत गेली, त्यात तो नोकरीला लागला आणि घरच लातूरला आलं. आता त्याच्या ओळखी दांडग्या. हॉलमध्ये माइक होता, स्टेज होतं, आईला दिव्यांनी ओवाळलं, कपाळावर विभूती लावून शाल पांघरली. मग भावानं माइक घेतला आणि आईच्या कष्टांवर बोलता बोलता शेवटी तिथंच आला. "आमची ताई," म्हणाला, "आठ वर्षांची पोर, शिक्षणासाठी दुष्काळात एकटी घर सोडून गेली. आईनं मन मोठं केलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे वळून वळून टाळ्या वाजवल्या.

मला राहवलं नाही. मी स्टेजवर गेले, माइक घेतला आणि म्हणाले, "मी हट्ट केला नव्हता. मला पाठवलं होतं. आई स्टँडवर सोडायला आली होती. घरात दही नव्हतं म्हणून तिनं माझ्या हातावर पेढा ठेवला. मला सगळं आठवतं." लोक एकमेकांकडे पाहू लागले. मला वाटलं, अजून काहीतरी पक्कं सांगावं, म्हणजे कुणाला शंका राहायला नको. मी म्हणाले, "तिच्या पदरावर गुलाल होता. तो पेढ्याला लागला. पेढा गुलाबी झालेला मला आत्तासुद्धा दिसतो."

भाऊ चिडला नाही. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो मायेनं म्हणाला, "ताई, बहात्तरला पेढा? आणि गुलाल कशाचा ग?"

पुढच्या रांगेत अहमदपूरचे आमचे एक जुने शेजारी बसले होते, वडिलांच्या बरोबरीचे. ते मोठ्यानं हसले. "गुलाल तर जिल्हा झाला तवाचा की बाई! स्टँडवर टोपल्यानं पेढे वाटले होते. मीबी खाल्लोय." सगळा हॉल हसला. आईही हसली, शालीत बसून, ओवाळल्याचं कुंकू नाकावर सांडलेलं. त्या दिवसापासून मी आत्याचा पेढा झाले.

नांदेडला परतताना लोह्याच्या पुढं बस बंद पडली. प्रवासी खाली उतरून झाडाखाली उभे राहिले. मी जागेवरच बसून राहिले. शेजारी खरं बोलले होते. मला ते हॉलमध्येच कळलं होतं, फक्त कबूल करायला तिथं जागा नव्हती.

जिल्हा झाला तेव्हा मी अठरा वर्षांची होते. मला पाहायला कुणी स्थळ येणार होतं म्हणून मावशी मला अहमदपूरला घेऊन आली होती. स्थळ जमलं नाही. परत निघालो त्या दिवशी गावात धामधूम होती. आजवर कोर्टकचेरीच्या प्रत्येक कामाला उस्मानाबाद गाठावं लागायचं. आता लातूर जिल्हा, जवळ. हलगी वाजत होती, पोरं नाचत होती, गुलालाची पोती फुटली होती. स्टँडवर कुणीतरी पुढारी टोपलीतून दिसेल त्याच्या हातात पेढा कोंबत होता. आईच्याही हातात आला. एस.टी. सुटायच्या वेळी तिनं तो माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "घे, जिल्हा झाला. दही न्हाई आणलं मी. आता तू पाहुणीच."

हे वाक्य मी विसरले होते. पेढा ठेवला आणि वाक्य टाकून दिलं. इतिहासाच्या पेपरात मुली असंच करतात. दोन राजांच्या कथा सारख्या सुरू झाल्या की एकाचा किल्ला दुसऱ्याच्या नावावर लिहून मोकळ्या होतात. मी लाल रेघ मारून गुण कापायचे. स्टँड तेच, गाडी तीच, हात धरणारी आई तीच. माझ्या मनानंही एका दिवसाचा पेढा उचलून दहा वर्षं मागं नेला आणि जिथं काहीच नव्हतं तिथं ठेवून दिला.

मावशीकडे एक इरकल होती. ती वर्षातून एकदा बाहेर काढून तिची घडी बदलायची, नाहीतर रेशीम घडीवर चिरतं. घडी बदलली की साडी टिकते, पण पहिली घडी कुठं होती ते काही वर्षांनी तिलाही सांगता येत नसे. मी तो पेढा किती वेळा बाहेर काढला असेल? रडू आलं की काढला, पहिला नंबर आला की काढला, मावशी गेली तेव्हा काढला. दर वेळी तो थोडा मागं सरकला असणार. चोरी कुणाची म्हणायची आता?

आणि तो काढून घेतल्यावर आठ वर्षांच्या त्या पोरीच्या हातावर काय उरतं हे मी शोधायला लागले. काही सापडेना. बसचा तापलेला पत्रा सापडला, मावशीच्या पिशवीतला कांद्याचा वास सापडला. आईचा चेहरा सापडेना. मग त्याहून वाईट झालं. पेढा खोटा निघाला तर बाकीचं तरी खरं कशावरून? कदाचित मीच हट्ट केला असेल. कदाचित भावाचा झगाही खरा असेल. तोवरच्या सगळ्या आयुष्यात मी कुणावरही जेवढी चिडले नव्हते, तेवढी त्या बंद पडलेल्या बसमध्ये स्वतःवर चिडले.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत आईचं विसरणं सुरू झालं. गॅस चालू ठेवायची, जेवून पुन्हा ताट मागायची, सुनेला ‘तू कोणाची’ म्हणून विचारायची. लातूरच्या डॉक्टरनं सांगितलं, ह्या आजारात नवं आधी जातं, जुनं बराच काळ शाबूत राहतं; ओळखीचा आवाज, वास, जागा भेटली की एकदम वर येतं. भावानं हे मला फोनवर काळजीनं सांगितलं. मी काळजी केलीच, पण एक गोष्ट मनात आल्याशिवाय राहिली नाही. नवं म्हणजे पाठ केलेली गोष्ट. ती जर आधी गेली, तर खाली काय आहे ते दिसेल. आई आजारी असताना मुलीनं असा हिशेब करावा का, असं कुणी विचारेल. खुशाल विचारा.

मग तो उन्हाळा आला, लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो. मी शाळेला सुट्टी लागताच निघाले. भावाची गल्ली ओळखू येत नव्हती. टँकरची वाट पाहत घराघरांपुढं घागरी, कळश्या, रंगाचे रिकामे डबे रांगेत ठेवलेले. बायका सावलीला चिकटून बसल्या होत्या आणि नंबरावरून कचाकचा भांडत होत्या. भाऊ कामावर गेला होता, भावजय डोक्याला टॉवेल बांधून रांगेत उभी होती. तिनं मला हातानंच आत जा म्हणून खुणावलं. आई उंबऱ्यात बसून त्या घागरींकडे टक लावून पाहत होती.

मी पिशवी खाली ठेवली. तिनं वर पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. माझ्यासाठी तो असा कधी खुलला नव्हता.

"आलीस का अक्का?" ती म्हणाली. "किती वाट बघून राहिले मी."

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण, माझी मावशी. मावशी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी म्हणायला हवं होतं, ‘आई, मी आहे.’ मी तिच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "आले की."

"पोरीला घेऊन जा आज. हितं पाणी न्हाई."

"पाऊस पडला की आणून सोडते," मी म्हणाले.

तिनं माझं मनगट धरलं. खरखरीत बोटं, ती मात्र मला बरोबर आठवत होती. "सोडू नको. ठिवून घे. तुला न्हाई, मला दोन हायत."

बाहेर टँकर आला. बायका उठल्या, घागरींचा खणखणाट झाला. मला वाटलं आता ती भानावर येईल, म्हणून मी घाईनं विचारलं, "मग पोरगा का देत न्हाईस?"

मी काही खुळ्यासारखं बोलले असावे असं तिनं पाहिलं. "पोरगा कसा द्यायचा, अक्का?"

"आणि पोरीनं विचारलं तर? तिला काय सांगू?"

"तिलाच शाळंचं याड होतं म्हणून सांग. मीबी तसंच सांगंन. तूबी तसंच सांग, म्हंजी तिला तेच खरं वाटंल." मग तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दही न्हाई ठिवलं मी तिच्या हातावर. शेजारणीकडं वाटीभर होतं, मागितलं न्हाई. चाटलं असतं तर माघारी आली असती."

माझी आई उंबऱ्यात बसली होती आणि मी तिच्याशेजारी तिची बहीण होऊन. मला हवं होतं ते मिळालं, आणि ते ऐकून मला आनंद झाला, हे मी खरं सांगते. क्षणभर खरंच झाला. मी वेडी नव्हते, खोटी नव्हते. मग तो आनंद ओसरला. मी मोरीत गेले. तोंडावर मारायला पाणी नव्हतं.

संध्याकाळी भाऊ आला तेव्हा मी त्याला शब्दन् शब्द सांगितलं. त्यानं बूट काढत शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, तिला काही कळतंय का? परवा मला ती आपले वडील समजली. आणि खरं सांगू का, राग मानू नको, पण तुला तर पेढासुद्धा आठवत होता."

मी आईकडे वळले. "आई, मला नांदेडला कुणी पाठवलं?"

आईनं माझ्याकडे नीट पाहिलं. ओळख काही पटली नाही, पण प्रश्न ओळखीचा वाटला असावा. पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "पोरीलाच लई याड होतं शाळंचं."

भावानं माझ्या पाठीवर हात ठेवला, आजारी माणसाच्या पाठीवर ठेवतात तसा. डॉक्टरचं म्हणणं मला तेव्हा कळलं. ती पाठ केलेली गोष्ट नवी नव्हतीच. मी घरातून निघायच्या आधीच ती रचून झाली होती.

आता ते सगळं माझ्या एकटीजवळ आहे, आणि माझी साक्ष कुणी धरत नाही. मीही किती धरावी? त्या दुपारचे शब्द मी जसेच्या तसे लिहिलेत असं मला वाटतं. पण पेढाही जसाच्या तसा वाटत होता. शेजारणीकडचं वाटीभर दही आईनंच सांगितलं, की इतकी वर्षं वाट पाहून माझ्या कानांनीच ते तिच्या तोंडी घातलं, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. ती दुपार मला एवढंच शिकवून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. महिनाभर राहायला आले होते ते एका दिवसात निघाले, तरी कुणी थांब म्हटलं नाही; घरात पाण्याची मारामार होती, एक माणूस कमी झालं तर बरंच. दारात भावजय निरोप द्यायला आली. आई खाटेवरून आमच्याकडे पाहत होती.

"पाहुणी निघाली का?" तिनं सुनेला विचारलं. "अग, तिच्या हातावर दही ठिव. बिचारी येवढ्या लांबून आली. माघारी यायला पायजे माणूस."

भावजयीनं फ्रिजमधली दह्याची पिशवी कापून चमचाभर दही आणलं. मी हात पुढं केला. त्या घरातून माझ्या हातावर पडलेलं ते पहिलं दही. आंबट होतं. आईच्या डोळ्यांदेखत मी ते सगळं चाटलं, हात धुतला नाही आणि तशीच निघाले.

आई अजून आहे. मी परत गेलेले नाही.